सालेम्स लॉट बघितला, गाव काही सापडलं नाही

सालेम्स लॉटचा २०२४ चा हॉरर पिक्चर बघितला. व्हॅम्पायर भिकार आहेत म्हणून मी वैतागलो नाहीये, व्हॅम्पायर ठीकच आहेत. पण गाव कुठाय?

हा पिक्चर ज्यावरून काढलाय ती स्टीफन किंगची कादंबरी १९७५ ची. अमेरिकेतल्या मेन राज्यातलं बारकं गाव, टेकडीवरचं बदनाम मार्स्टन हाऊस, तिथे कोणीतरी राहायला येतं आणि मग गावातलं एकेक घर संपत जातं. पण किंग लगेच भुताकडे पळत नाही. पहाटे गोठ्यात दूध काढणारी पोरं, दूधवाला, कचरा डेपोवर उंदरांना गोळ्या घालत बसणारा डड रॉजर्स, दुर्बीण लावून गावभर बघायचं न् फोनवर सगळ्यांना सांगायचं एवढाच उद्योग असलेली मेबल वर्ट्स, पानंच्या पानं हेच. आपण म्हणतो भूत कधी येणार राव. आणि मग हीच माणसं दिसेनाशी व्हायला लागतात, तेव्हा पोटात गोळा येतो, कारण तोवर ती आपल्या ओळखीची झालेली असतात.

मी रावेर साईडचा, केळीवाला. आमच्याकडे रात्रीच्या लाईटीवर पाणी भरायला कोण गेलं नाही हे सकाळी पारावर चहाच्या आधी कळतं, डेअरीवर एकाची किटली आली नाही तर चार जण विचारतात. अशा गावात माणसं कमी होत चाललीत आणि कोणीच काही बोलत नाहीये, खरी भीती तिथे आहे हो, सुळे-बिळे नंतर.

२०२४ च्या पिक्चरमध्ये हे सगळं उडवलंय. दिग्दर्शक गॅरी डॉबरमन म्हणजे ॲनाबेल हा हॉरर पिक्चर लिहिणारा माणूस, त्याला दचकवता येतं, नाही असं नाही. सुरुवातीला दोन भाऊ रात्री रानातून चाललेत, नुसत्या काळ्या आकृत्या, तो सीन एक नंबर. पण दोन तासांच्या आत सगळं कोंबायचं म्हटल्यावर कोण कोणाचं कोण हे कळायच्या आधी माणूस मेलेला, आपल्याला वाईट तरी कशाचं वाटणार. वर ते क्रॉस ट्यूबलाईटसारखे पेटतात! शेवटी ड्राइव्ह-इन थिएटरला, म्हणजे गाडीत बसूनच पिक्चर बघतात तिथे, गाड्यांच्या डिक्क्यांमधून व्हॅम्पायर काढलेत, आयडिया भारी आहे, पण तोपर्यंत आमचा पुतण्या मोबाईलमध्ये घुसलेला. "काका, यामा भ्यावासारखं काय शे?" मी काय सांगणार, डोंबल. आईचं वेगळंच, "त्यानी खिडकी कसाले उघाडी?"

टोबी हूपरने १९७९ मध्ये हेच टीव्हीसाठी दोन भागात केलं होतं, तीनेक तासांचं. मेकअप आज जुनाट वाटतो, बार्लोला, म्हणजे मुख्य व्हॅम्पायरला, तिथे मुका राक्षस करून टाकलाय (पुस्तकात तो चांगला गोड बोलून माणसाला गुंडाळतो, ते जास्त खतरनाक), पण निदान गावात फिरायला वेळ तरी आहे.

हल्ली कशाच्याही आठ-आठ एपिसोडच्या सिरीज काढतात, जिथे दोन एपिसोडचाही माल नसतो. आणि जिथे अख्खं गाव दाखवायचं होतं, तिथेच नेमकी घाई.

पुतण्याला पुस्तक दिलंय. सुरुवातीची पानं बोअर आहेत म्हणतोय. म्हटलं वाच मुकाट्याने.