प्लाझा कराराने जपान बुडाला म्हणे!

घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आलाय. १९८५ ला अमेरिकेने न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात जपानकडून जबरदस्तीने सही घेतली, येन महाग केला, निर्यात मेली आणि दहा टक्क्यांनी धावणारा जपान तिथेच संपला. वर सगळ्यांचे अंगठे. बघूया जरा एकेक.

दहा टक्के वाढ १९८५ पर्यंत? अहो, ती १९७३ लाच संपली. १९७१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात ठरल्या भावाने सोनं देणं बंद केलं, डॉलरला ३६० येन हा वर्षानुवर्षांचा भाव गेला, आणि मग ७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांत तेल चौपट, आणि जपान तर जवळजवळ सगळं तेल बाहेरून आणणारा देश. ओसाकाजवळच्या सेनरी वसाहतीत कागद संपणार अशी आवई उठली नि लोक टॉयलेट पेपरसाठी दुकानावर तुटून पडले. १९७४ ला महागाई वीस टक्क्यांच्या वर, आणि महायुद्धानंतर पहिल्यांदाच वर्षभराची वाढ शून्याखाली. पुढे चार-पाच टक्क्यांवरच गाडी. म्हणजे वळण प्लाझाच्या बारा वर्षं आधी येऊन गेलेलं.

जबरदस्ती? दबाव होताच, पण सह्या पाच देशांच्या आहेत. त्यातल्या पश्चिम जर्मनीचं चलन मार्कही वधारलं, तिथे कुठे जपानसारखा शेअर-जमिनीच्या भावांचा फुगा फुटला?

निर्यात मेली म्हणाल तर ८६ ला निर्यातदारांना दणका बसला, खरंय, २४० येनचा डॉलर दीड वर्षात दीडशे येनच्या आसपास आला होता. पण १९८८ ला वाढ परत सहा टक्क्यांच्या वर!

खरी भानगड त्याच दणक्यावरच्या उपायात आहे. बँक ऑफ जपानने (त्यांची रिझर्व्ह बँकच म्हणा) व्याजदर पाचवरून अडीच टक्क्यांवर आणला आणि मे १९८९ पर्यंत तिथेच ठेवला. स्वस्त कर्ज, त्यातून जमीन, ती तारण ठेवून अजून कर्ज, कारण जमिनीचा भाव पडत नसतो म्हणे (मेट्रो येऊ दे, डबल होईल म्हणणारे आपल्याकडे कमी आहेत का!). ८९ संपताना निक्केई (तिथला शेअर निर्देशांक) ३८,९१५ वर, मग ऑगस्ट ९० पर्यंत व्याज सहा टक्के, आणि आधी शेअर, मागोमाग जमीन, दोन्ही गडगडले.

आणि शेवटी ते 'प्लाझामुळेच सुझुकी भारतात आली'... सुझुकीशी करार १९८२ चा, पहिली मारुती डिसेंबर १९८३ ला रस्त्यावर.