प्रोग्राम अठरा वर्षांखालचा आहे

गेल्या गुरुवारी मी पायथन भाषेत लिहिलेल्या एका प्रोग्रामची पालक म्हणून सही केली. फॉर्मवर रकानाच तसा होता. ‘नाते’ या रकान्यात काय लिहायचं ते सुचेना, म्हणून ‘देखभाल’ लिहिलं. घरी नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, “माझ्या वेळी तेवढंही लिहिलं नव्हतंस.”

मूळ दुखणं साधं होतं. आमच्या क्लाउडला काळ्या खिडकीतून हुकूम सोडायला एक कमांड-लाइन क्लायंट आहे, तोच हा प्रोग्राम. सर्व्हर उभा कर, डिस्क जोड, यादी दाखव, असली कामं. त्याला नुसतं ‘बाबा रे, तुझी आवृत्ती कुठली’ विचारलं तरी उत्तराला 3.8 सेकंद लागायचे. आमच्या सोसायटीतल्या काकू तेवढ्यात स्वतःचं वय आठवून, त्यातून सहा वर्षं वजा करून, वर मला माझंही विचारून मोकळ्या होतात. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 1993 मध्येच लिहून ठेवलंय की 0.1 सेकंदात उत्तर आलं तर माणसाला ते लगेच आल्यासारखं वाटतं, एका सेकंदापर्यंत विचारांची तंद्री टिकते आणि 10 सेकंदांनंतर लक्ष उडतं. 3.8 सेकंदांत तंद्री तर मोडते, पण उठून चहा आणावा इतका वेळही मिळत नाही. आमचा एक ग्राहक स्क्रिप्टमधून असे 400 हुकूम रोज सोडतो. त्याची पंचवीस मिनिटं निव्वळ घसा खाकरण्यात जातात.

म्हणून ठरवलं, क्लायंटमध्येच प्रोफायलर बसवायचा. हुकुमामागे ‘--प्रोफाइल’ लावलं की कुठल्या फंक्शनने किती वेळ खाल्ला त्याचा हिशोब समोर. सीप्रोफाइल नावाचा प्रोफायलर 2006 पासून पायथनसोबतच येतो, वेगळं काही आणायला नको. दुपारच्या जेवणानंतर बसवलं, चालवलं, हिशोब आला: एकूण 0.4 सेकंद.

मग उरलेले 3.4 कुठे गेले? वरातीमागून घोडं! माझा प्रोफायलर मुख्य फंक्शन सुरू झालं की जागा व्हायचा, आणि वेळ सगळा त्याच्या आधी, लायब्रऱ्या, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड, इम्पोर्ट करण्यात (आत ओढून घेण्यात) संपलेला. बरं, ‘--प्रोफाइल’ मागितलंय हे कळायला ते वाचणारं सामान लोड व्हायला हवं, आणि ते सामान आपली अख्खी भावकी घेऊन येतं. शेवटी पहिल्याच ओळीत, काही इम्पोर्ट व्हायच्या आधी, आलेला हुकूम हाताने चाचपून बघायची सोय केली. पायथन 3.7 पासून ‘-एक्स इम्पोर्टटाइम’ मिळतं, कुठल्या इम्पोर्टला किती वेळ लागला ते सांगणारं, तेही चालवलं. मायक्रोसेकंदांची भलीमोठी यादी आली. तिच्यात दिसलं की कोणी एका सद्गृहस्थाने टेबलाचे दोन रकाने सरळ रेषेत यावेत म्हणून ‘पांडास’ ही आख्खी डेटा-विश्लेषणाची लायब्ररी ओढून आणली होती. दोन वाट्या आमटीसाठी लग्नाचा आचारी! सद्गृहस्थ कोण ते कोडमधल्या बदलांच्या इतिहासात पाहिलं नाही. आम्ही एकाच टेबलावर जेवतो.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग बैठक झाली.

एका सहकाऱ्याने नावावर हरकत घेतली, आणि ती रास्त होती. ॲमेझॉनच्या क्लाउडच्या क्लायंटमध्ये ‘--प्रोफाइल’ म्हणजे कुठल्या खात्याने आत शिरायचं ते. ओपनस्टॅक या क्लाउड सॉफ्टवेअरच्या क्लायंटमध्ये त्याच शब्दापुढे गुप्त किल्ली द्यावी लागते आणि वेळ बघायला ‘--टायमिंग’ वेगळं. यावर पाच मिनिटांत तोडगा निघाला असता. पण कोपऱ्यात ऑडिटचे सर बसले होते. ते आमच्या बैठकीला नव्हतेच. त्यांच्या खोलीतला एसी बंद पडला होता, म्हणून डबा घेऊन इकडे आले होते. ‘प्रोफायलिंग’ शब्द कानावर पडला आणि थालीपीठाचा घास हातातच थांबला.

“कुणाचं प्रोफायलिंग?”

“प्रोग्रामचं, सर.”

“प्रोग्राम चालवतं कोण?”

“वापरणारा.”

“म्हणजे वापरणाऱ्याचं.”

“नाही हो सर, तो किती वेळ ताटकळला एवढंच मोजतो.”

“कोण ताटकळला ते ठाऊक, किती ताटकळला ते ठाऊक, आणि म्हणे वैयक्तिक माहिती नाही!” सरांनी लोणच्याची फोड बाजूला सारली. “2023 चा डेटा संरक्षण कायदा वाचलाय? संमती लागते, मॅडम.”

मी हसून वातावरण हलकं करायला गेले. तीच चूक. म्हटलं, “मग प्रोग्रामचीच संमती घेते, सर.”

सरांनी पाणी प्यायलं. शांतपणे विचारलं, “प्रोग्राम कधीचा?”

“2019 चा.”

“म्हणजे अठरा वर्षांखालचा. पालकांची संमती लागेल.”

कायद्यात अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती खरंच आहे. माणसांच्या मुलांसाठी! मी मॅनेजरकडे पाहिलं. ते हसतील असं वाटलं होतं. ते इतिवृत्तात लिहून घेत होते. आमच्याकडे एकदा इतिवृत्तात गेलेलं वाक्य बाहेर निघत नाही. मागच्या वर्षी ‘बघू’ असं गेलं होतं, ते अजून ‘प्रगतिपथावर’ आहे.

आणि खरी चीड पुढची आहे. डब्याचं झाकण लावता लावता सर म्हणाले, “त्या हिशोबाच्या फायलीत काय काय उतरतं?” मी तोंड उघडलं आणि मिटलं. हिशोबाच्या डोक्यावर मी सबंध हुकूम छापत होते. लोक पासवर्ड हुकुमातच देतात. म्हणजे ग्राहकाने ती फाइल मदतीसाठी मेल केली की पासवर्ड गावभर. थालीपीठ खाणारा माणूस बरोबर निघाला. आता त्याच्यावर धड रागावताही येईना.

पासवर्ड झाकायला दहा मिनिटं लागली. नाव बदलायला अकरा दिवस. ‘प्रोफाइल’ शब्दच नको म्हणून शेवटी मंजूर झालं ते असं: ‘--एक्झिक्यूशन-ड्युरेशन-डायग्नॉस्टिक्स’. इंग्रजीत टाइप करायला 32 कळा. मला सात सेकंद लागतात. 3.8 सेकंद कुठे गेले ते शोधायला!

मग डेमो. मॅनेजरनी फोनवर स्टॉपवॉच लावलं. हिशोब चालू केल्यावर 5.9 सेकंद. “अगं, हे तर आणखी हळू झालं.” सीप्रोफाइल प्रत्येक फंक्शनच्या येण्याजाण्याची नोंद करतं, त्या नोंदीलाही वेळ लागतो, पोत्याचं वजन करताना हमालही काट्यावर उभा असतो, असं समजावलं. ते म्हणाले, “मग हमालाला उतरव ना.”

पांडासची ती ओळ उचलून, लागेल तेव्हाच लोड होईल अशी फंक्शनच्या आत ठेवली की 3.8 चे 1.7 होतात. एक ओळ. मी ती करून ठेवलीय. पण ‘प्रोफायलर बसवणे’ हे काम ‘पूर्ण’ म्हणून बंद झालंय आणि ‘वेग वाढवणे’ या तिमाहीच्या यादीत नाही. कारण विचारलं तर कळलं, वेगाबद्दल ग्राहकाची लेखी तक्रार नाही. आहे ती तोंडी.

म्हणून काल त्या 400 हुकूमवाल्या ग्राहकालाच लिहिलं की साहेब, हे नवीन शेपूट लावून चालवा, हिशोब पाठवा, म्हणजे तक्रार लेखी होईल. त्यांनी चालवलं. ‘डायग्नॉस्टिक्स’च्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं. ‘असा पर्याय अस्तित्वात नाही’ असं उत्तर आलं, त्याचा स्क्रीनशॉट त्यांनी मला पाठवला.

तेही 3.8 सेकंदांनी आलं होतं.