ज्यू म्हणजे पैसेवाले, हे कोणी ठरवलं?

"ज्यू ना? मग पैशाला काय तोटा!" हे मी चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांकडून इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालायचाही कंटाळा येतो. निदान कोकणातल्या माणसाने तरी हे बोलू नये. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या पट्ट्यातले बेने इस्रायली, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या तेलाच्या घाण्यावर जगले. घाण्याला बैल जुंपायचा, तेल काढून विकायचं, आणि शनिवारी, ज्यू धर्मातल्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद. म्हणून तर गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. पुढे मुंबईत आले ते पलटणीत, कारकुनीत, रेल्वेत. पगाराच्या तारखेकडे डोळे लावून बसणारी घरं, तुमच्या-आमच्यासारखीच.

आपल्याला आठवतात ते ससून. डॉक त्यांच्या नावाचा, पुण्यातलं हॉस्पिटल त्यांच्या नावाचं. पण ते बगदादहून आलेले व्यापारी, आणि त्यांच्या श्रीमंतीचा या तेल्यांना किती उपयोग? १८३६ साली मुंबईतल्या बगदादी ज्यूंनी सरकारकडे अर्ज केला होता की कबरस्तानात आमच्या आणि बेने इस्रायलींच्या मध्ये भिंत घाला. मेल्यावरही शेजार नको! धर्म एक असला म्हणून तिजोरी एक होत नसते.

१९४८ नंतर हजारो जण इस्रायलला गेले. तिथेही बेर्शेबा, दिमोनासारख्या वाळवंटी गावांत बऱ्याच जणांच्या वाट्याला अंगमेहनत आली. १९५१ मध्ये काहींनी चक्क धरणं धरलं, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून. काळ्या माणसांना काळाच पाव, असं ऐकवलं जातं, ही त्यांची एक तक्रार होती. काही जण खरंच परत आले.

गरिबी एकूणच ज्यू समाजाला नवी नाही. पेसाखच्या सणाआधी गरिबाघरी पिठासाठी पैसे पोचवायची त्यांची प्रथा शतकानुशतकांची आहे. न्यूयॉर्कसारख्या शहरातसुद्धा ज्यूंमधल्या गरिबीसाठी १९७२ मध्ये वेगळी संस्था उभी करावी लागली.

तरी शिक्का जात नाही, आणि तो शिक्का महागात पडतो. ठाण्यात माझ्या ओळखीच्या एक बेने इस्रायली मावशी आहेत. एकट्या राहतात. फॅमिली पेन्शन औषधांतच संपते, मुलगा इस्रायलमध्ये अश्दोदला गोदामात कामाला. सोसायटीचा देखभाल खर्च वाढवायच्या मीटिंगमध्ये त्या म्हणाल्या, मला जमणार नाही. तर एक गृहस्थ हसून म्हणाले, "मावशी, तुमचा मुलगा इस्रायलला ना?" मावशींनी तिथल्या तिथे सुनावलं, "हो. तिथलं घरभाडं माहितीये तुम्हाला?"