२० थेंब लॅव्हेंडर, चमचाभर मीठ आणि बाकी सगळी हवा

आमच्या बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. ग्लासभर पाणी, २० थेंब लॅव्हेंडरचं तेल, चमचाभर मीठ, बाटलीत घालून हलवा, झाला रूम स्प्रे. खाली गुणवर्णन: रसायनमुक्त, जंतू मारतो, डास पळवतो, ओलीचा वास घालवतो, बाळांना-मांजरांना निर्धोक, वर्षभर टिकतो. दांडिया बाजारातल्या आत्याने परवा तो तिसऱ्यांदा पाठवला, म्हणून लिहितेच एकदाचं.

आधी मीठ. तेल पाण्यात विरघळावं म्हणून ते घालायचं म्हणे. होतं उलटंच, खाऱ्या पाण्यात तेल आणखी कमी विरघळतं. मी करून पाहिलं. हलवल्यावर पाणी दुधाळ दिसलं, चहा उकळेपर्यंत तवंग वर. स्प्रेची नळी तर तळाशी बुडालेली! म्हणजे बाटली संपत येईपर्यंत खारं पाणी फवारायचं आणि शेवटच्या चार फवाऱ्यांत तेल. ते आमच्या हॉलच्या पडद्यावर गेलं, डाग अजून आहे.

हे तेल खरं विरघळतं अल्कोहोलमध्ये. परदेशी कृतींत बिनदिक्कत ‘व्होडका घाला’ लिहिलेलं असतं. आमच्याकडे दारूबंदी, तेव्हा तो प्रश्नच नाही. पण असती तरी भारतातल्या व्होडकात अल्कोहोल ४२.८ टक्केच, त्यात तेल घातलं की द्रावण गढूळच होतं. त्यापेक्षा मेडिकलमधून ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, १०० मिलीत २० थेंब टाका, वर पाणी ओतू नका. पहिला मिनिटभर दवाखान्याचा वास येतो, तो उडाला की लॅव्हेंडर उरतो. मात्र देवघरात निरांजन किंवा समई तेवत असताना हे फवारायचं नाही. अल्कोहोल पेट घेतं.

‘वर्षभर टिकतो’ हे लिहिणाऱ्याला बहुधा लोणचं आठवलं असावं. लोणच्यात मीठ किती असतं आणि इथे किती! माझ्या बाटलीत तीन आठवड्यांत पांढरट तंतू तरंगायला लागले. तेच आपण फवारून श्वासात घेणार.

जंतूंचं थोडक्यात: प्रयोगशाळेत दाट तेलाने काही जिवाणूंची वाढ थांबते, हे खरं. ग्लासात २० थेंब म्हणजे अर्धा टक्का, तोही वर तरंगणारा. त्याने फरशी निर्जंतुक होत नाही.

‘रसायनमुक्त’ या शब्दाचं तर मला कौतुकच वाटतं. लॅव्हेंडरचा वास मुख्यतः दोन रसायनांचा, लिनालूल आणि लिनालिल अ‍ॅसिटेट. लिनालूल आपल्या धन्यांतही भरपूर असतं, तेव्हा नावाला घाबरायचं कारण नाही. पण त्याचा हवेशी बराच काळ संबंध आला की त्यातून त्वचेला अ‍ॅलर्जी आणणारी द्रव्यं तयार होतात. म्हणून झाकण सैल राहिलेली जुनी बाटली बाळाच्या दुपट्यावर शिंपडायची नाही, मग ती कितीही ‘नॅचरल’ असो.

डासांना वास काही वेळ नकोसा होतो, पण तो उडाला की डास हजर. डेंग्यूचा डास दिवसाही चावतो. मच्छरदाणी आणि कुंड्यांखालच्या ताटल्या कोरड्या, एवढंच उपयोगी.

ओलीच्या वासाबद्दल बडोदेकरांना मी काय सांगावं! ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी ज्यांच्या घरात आलं, त्यांना ठाऊक आहे की तो वास भिंतीतल्या बुरशीचा असतो. तिच्यावर फवारा मारला की बुरशी आणि लॅव्हेंडर असा मिश्र वास येतो. भिंत वाळवून, खरवडून, मग रंगवली तरच तो जातो.

राहता राहिली मांजर. हे तेल तिच्या पोटात गेलं तर विषारी ठरू शकतं, कारण ते पचवून बाहेर टाकायला तिचं यकृत आपल्याइतकं सक्षम नसतं. त्यात ती दिवसभर अंग चाटते, म्हणजे सोफ्यावर मारलेला फवारा केसांवाटे पोटात. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे दोन मांजरी आहेत आणि काकू सोफ्यावरच मारत होत्या. आता त्यांची बाटली बाथरूमच्या फळीवर असते, आणि दाराला बाहेरून कडी.