नवस फेडायला येणारेच रांगेत दिसतात

मुंबईने तीन चमत्कार अगदी जवळून पाहिले, तिन्ही वेगवेगळ्या धर्मांच्या दारात. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला. १८ ऑगस्ट २००६ ला माहीमच्या दर्ग्याजवळच्या समुद्राचं पाणी गोड झालं. मार्च २०१२ मध्ये विलेपार्ल्याला, इर्ल्याच्या चर्चमधल्या क्रूसावर येशूच्या पायांतून पाणी ठिबकायला लागलं. तिन्हींची कारणं सांगितली गेली, छापून आली, लोकांनी वाचलीही. पण त्यामुळे कुठल्या देवळाची, दर्ग्याची की चर्चची गर्दी ओसरली असं काही दिसलं नाही.

आम्हा देव न मानणाऱ्यांना हे पचत नाही. पृष्ठताण, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो तो गुण, समजावून सांगितला की देवाचा निकाल लागला, अशी आमची समजूत असते. माझं मत असं की लोक चमत्कारामुळे देव मानतच नाहीत, त्यामुळे चमत्कार उघडा पडला म्हणून सोडतही नाहीत. मानण्यामागचं गणित दुसरीकडेच आहे. पण आधी तिन्ही चमत्कार नीट बघू. अर्धवट सांगितले की आपलीच फजिती होते.

दुधाचं घरी करून बघता येतं. चहाचा स्टीलचा चमचा घ्या आणि दूध काठोकाठ भरा. काठाच्या वर फुगवटा दिसला पाहिजे, इतकं. पितळेची किंवा दगडाची मूर्ती घ्या, सोंडेवरून ओलं बोट फिरवा. चमचा किंचित कलता करून त्याचं टोक सोंडेला टेकवा आणि हात हलवू नका. दूध ओल्या दगडाला धरतं, पृष्ठताणामुळे काठावरून ओढलं जातं, आणि एकदा ओघळ लागला की पुढचं काम गुरुत्वाकर्षण करतं. दूध सोंडेत जात नाही, सोंडेवरून खाली जातं. डोळ्यांना दिसत नाही कारण पाच मिलिलिटर दूध पाचशे चौरस सेंटिमीटरवर पसरलं तर थर होतो जेमतेम ०.१ मिलिमीटरचा, आणि संगमरवर असेल तर पांढऱ्यावर पांढरं. दुधात चिमूटभर कुंकू घाला, ओघळ पायापर्यंत मोजता येईल. तेव्हा शास्त्रज्ञांनीही रंगीत दूध वापरूनच हे दाखवलं होतं.

प्रयोग फसतो तो ठरावीक कारणांनी. चमचा अर्धा भरलेला असतो, किंवा मूर्तीवर तेल-शेंदराचा लेप असतो. तेलकट पृष्ठभागावर दूध पसरत नाही, थेंब होऊन टपकतं. मग समोरचा म्हणतो, बघा, तुमच्या हातून नाही प्यायला! म्हणून चारचौघांत दाखवण्याआधी तीच मूर्ती वापरून सराव करा. आणि तोच चमचा कपाच्या कानालाही लावून दाखवा. कपसुद्धा दूध पितो. (तो पितृपक्ष होता, हे कुणाला आठवत नाही. एरवी ज्या दिवसांत घरात नवा चमचाही आणत नाहीत, त्या दिवसांत लोक दुधाच्या पिशव्या घेऊन देवळाकडे धावले.)

माहीमचं कारण पेल्यात दाखवता येतं. पेल्यात मिठाचं पाणी घ्या, वरून चमच्याच्या पाठीवरून साधं रंगीत पाणी हळूहळू सोडा. ते वरच तरंगतं, कारण समुद्राचं पाणी साध्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. विहार आणि पवई तलाव भरून वाहिले की ते पाणी मिठी नदीतून माहीमच्या खाडीत येतं. ऑगस्टच्या पावसात त्याचा मोठा साठा समुद्रावर पसरला. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. ते बरंच पातळ झालं की जीभ, जी खारट चवीची तयारी करून बसलेली असते, तिला ते गोड वाटतं. त्यात आपल्या भाषेचाही हातभार आहे. विहिरीला गोडं पाणी लागलं असं आपण म्हणतो तेव्हा त्यात साखर नसते, खार नसतो एवढंच. 'गोडं' चं 'गोड' व्हायला कितीसा वेळ लागतो? खरी भीती वेगळीच होती. मिठीतून शहराचं सांडपाणीही येतं, आणि लोक तेच पाणी बाटल्यांत भरून नेत होते. पिऊ नका, असं पालिका सांगत होती, पण ऐकतो कोण?

पार्ल्याचं कारण तर सोसायटीच्या कुठल्याही सेक्रेटरीने ओळखलं असतं. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी जाऊन पाहणी केली आणि सांगितलं की जवळच्या तुंबलेल्या गटाराचं पाणी भिंतीत ओढलं जाऊन वर चढतंय आणि पायाजवळ बाहेर पडतंय. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं, तसं. त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याबद्दल कलम २९५ अ खाली तक्रारी झाल्या, आणि ते फिनलंडला गेले ते तिकडेच राहिले. मुंबईत राहणाऱ्याला हे माहीत असतं की ओल जिथे दिसते तिथे गळती नसते. प्लंबर काय करतो? संशय असलेल्या नहाणीच्या ट्रॅपमध्ये रंगाचं पाणी ओततो, आणि खालच्या भिंतीवर तो रंग उतरतो का बघतो. क्रूसालाही तीच चाचणी पुरली असती. बाथरूमच्या गळतीला आपण जे लावतो ते देवाच्या बाबतीत लावलं की गुन्हा होतो, याचा राग मला आजही येतो.

असो. आता ते दुसरं गणित.

मूल होण्याचा नवस घ्या, कारण याचे आकडे वैद्यकशास्त्रात पक्के आहेत. मूल हवं असलेल्या शंभर जोडप्यांपैकी साधारण ऐंशी ते पंच्याऐंशी जणांना पहिल्या वर्षातच दिवस जातात. उरलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना दुसऱ्या वर्षी, कुठलाही उपचार न करता. आता सांगा, नवस कधी बोलला जातो? लग्न झाल्या झाल्या कुणी बोलत नाही. वर्ष उलटतं, सासूबाई विचारायला लागतात, शेजारची काकू एखाद्या देवाचं नाव सुचवते, तेव्हा. म्हणजे समजा सोळा जोडप्यांनी नवस बोलला, तर त्यातल्या आठांना वर्षभरात गोड बातमी मिळणारच होती. त्या आठजणी पेढे घेऊन, बाळाला नवा झबला घालून देवळात येतात. उरलेल्या आठजणी येत नाहीत. त्या रांगेत दिसत नाहीत, फोटोत दिसत नाहीत, लग्नकार्यातल्या गप्पांत त्यांचं नाव निघालंच तर दबक्या आवाजात. काही दुसऱ्या देवाकडे गेलेल्या असतात, आणि तिथे त्यातल्या एखाद्दुसरीला पुढच्या वर्षी 'पावतो'. मग तो दुसरा देव जास्त कडक ठरतो.

देवळाच्या दारात उभं राहून बघणाऱ्याला पावलेलेच दिसतात. त्याचे डोळे खोटं बोलत नाहीत, त्याच्यासमोर वहीचं एकच पान उघडं असतं. हेच गणित पाठदुखीला लागू, साध्या तापाला लागू, नोकरीच्या इंटरव्ह्यूला लागू. माणूस नवस बोलतो तेव्हा त्याची अवस्था सगळ्यात वाईट असते, आणि सगळ्यात वाईटानंतर बहुतेक वेळा थोडं बरंच होतं. याचा फायदा देवाला मिळतो तसा जडीबुटीवाल्याला मिळतो आणि चांगल्या डॉक्टरलाही. डॉक्टरला फक्त बऱ्या न झालेल्या रुग्णांचीही नोंद ठेवायला लागते.

सप्टेंबरात वांद्र्याला मोत माउलीची (माउंट मेरीची) जत्रा लागते, तिथे जाऊन टेकडीच्या रस्त्यावरचे स्टॉल बघा. मेणाचे हात, मेणाचे पाय, डोकी, बाळं, छोटी छोटी घरं. ज्याचा जो अवयव दुखतो तो तो विकत घेतो, ज्याला मुंबईत खोली हवी तो घर घेतो. (बिल्डरपेक्षा मेणवाल्याचा भाव परवडतो.) घेणाऱ्यांत हिंदूही असतात. मागायलाही मेण आणि फेडायलाही मेण. पण बरा न झालेल्या पायाचं वेगळं मेण कुठल्याच स्टॉलवर मिळत नाही.

लालबागच्या राजाचा इतिहासही बघण्यासारखा आहे. १९३२ मध्ये पेरू चाळीतला बाजार बंद झाला, कोळी आणि विक्रेते उघड्यावर आले, आणि हक्काची जागा मिळू दे असा त्यांनी नवस बोलला. जागा मिळाली, १९३४ ला गणपती बसला. जागा मिळवून द्यायला तेव्हाचे नगरसेवक खपले, कार्यकर्ते खपले, जमिनीच्या मालकांनी प्लॉट दिला. हे सांगितलं की भक्त शांतपणे म्हणतो, ती माणसं देवानेच पाठवली होती ना. या वाक्यापुढे वाद संपतो. झालं तरी देव आणि नाही झालं तरी देवाची इच्छा, असा ज्याचा नियम आहे त्याला कुठलाही आकडा खोटा पाडू शकत नाही. आमची मंडळी इथेच तास-तास घालवतात. घालवू नये.

आता लोक नेमकं कुठे देवाला हाक मारतात ते बघा. मालिनोव्स्की नावाचा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिअँड बेटांवर राहिला होता. त्याने नोंदवलं की तिथले लोक आतल्या शांत खाडीत मासे मारायला जाताना मंत्रतंत्र करत नाहीत. भर समुद्रात, जिथे जीव जाऊ शकतो, तिथे जाताना मात्र सगळे विधी करतात. आपल्याकडे वेगळं काय आहे? जून-जुलैची मासेमारीबंदी ३१ जुलैला कागदावर संपते, पण कोळीवाड्यात दर्याला सोन्याचा नारळ नारळी पौर्णिमेलाच वाहतात. मोटरमनची केबिन दसऱ्याला सजते. शेअर बाजारात १९५७ पासून दिवाळीला मुहूर्ताचे सौदे होतात. पोस्टाच्या बचत खात्याचा मुहूर्त मात्र कुणी काढत नाही, कारण तिथे व्याज ठरलेलं आहे. जिथे आपल्या हातात काही नाही तिथे हात जोडले जातात. याला मी मूर्खपणा म्हणणार नाही. हात थरथरत असताना काहीतरी ठरलेलं करायला मिळालं की माणूस स्थिर होतो, आणि स्थिर माणूस होडी बरी हाकतो. प्रश्न येतो तो एखाद्या बाबाने चमत्कार दाखवून पस्तीस हजार उकळल्यावर. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तिथे लागतो. देव मानू नका असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही, फसवून लुबाडलं तर गुन्हा आहे.

न मानणाऱ्यांचाही हिशेब तपासायला हवा, आणि आमच्यात हे फारसं कुणाला आवडत नाही. २०११ च्या जनगणनेत १२१ कोटींच्या देशात स्वतःला निरीश्वरवादी नोंदवणारे सुमारे ३३ हजार निघाले. आकडा फसवा आहे, कारण रकाना धर्माचा होता, देवाचा नव्हता. जुन्या शब्दांचीही गंमत आहे. 'नास्तिक' म्हणजे मुळात वेद न मानणारा. यज्ञयागाचा सगळ्यात कट्टर पुरस्कार करणाऱ्या मीमांसकांना जग निर्माण करणारा ईश्वर लागतच नव्हता, तरी ते आस्तिक. जैनांचे तीर्थंकरही जगाचे निर्माते नाहीत. आणि ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर जो सागर लोटतो त्यातल्या कितीतरी घरांत बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञा आहेत. पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची. त्यांनी देव सोडला तो दुर्बिणीतून बघून नाही. १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिराचं दार बंद होतं, म्हणून. माझ्या मते पृष्ठताणापेक्षा हे कारण कितीतरी वजनदार आहे.

लंगडं कारण दुसरंच, आणि ते सर्रास ऐकू येतं: 'एवढं केलं तरी आई गेली, देव नाहीच.' दुःख खरं, पण गणित तेच, नवसवाल्याचं, फक्त उलटं. एका घटनेवरून निकाल. परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेरचा फुटपाथ किंवा दादरची गाडगेबाबांची धर्मशाळा बघा. एकसारखा रिपोर्ट हातात आलेली दोन माणसं असतात. एक गळ्यातला ताईत काढून टाकतो, दुसरा नवा बांधतो. म्हणजे घटना काही ठरवत नाही. त्या रात्री डबा घेऊन कोण आलं, शेजारी कोण बसलं, त्याने काय म्हटलं, यावर बरंच ठरतं असं मला वाटतं. मंडळाचे कार्यकर्ते आले तर बाप्पा, चर्चमधल्या नोव्हेनाच्या प्रार्थनेला जाणाऱ्या मावशी आल्या तर माउली. आमच्यातलं डबा घेऊन कोण जातं, हे जरा विचारा.

कुणाला खरंच तपासायचं असेल तर एक वही ठेवा. नवस बोलल्याच दिवशी तारीख, काय मागितलं, किती दिवसांत, आणि सोबत कुठला उपचार किंवा खटपट चालू आहे ते लिहा. 'सगळं चांगलं होऊ दे' असलं चालणार नाही, नेमकं लिहा. मुदत संपली की हो किंवा नाही, मधलं काही नाही. एकट्याची वही उपयोगाची नाही, चाळीतल्या वीस-पंचवीस घरांची हवी. गडबड कुठे होते तेही सांगून ठेवतो: मुदत वाढवली जाते, 'नाही' चं पान लिहायचं राहून जातं, आणि तिसऱ्या महिन्यात वही हरवते.

या सगळ्या गणितात एक बाई मात्र बसत नाहीत. प्रभादेवीचं सिद्धिविनायकाचं देऊळ १९ नोव्हेंबर १८०१ ला उभं राहिलं, लक्ष्मण विठू यांनी बांधलं, पैसा माटुंग्याच्या देऊबाई पाटलांचा. त्यांना मूल नव्हतं. आपल्याला झालं नाही, निदान इथे येणाऱ्या बायकांना तरी व्हावं, म्हणून त्यांनी देऊळ बांधलं असं सांगतात. त्या न पावलेल्यांच्या पानावरच्या. आणि मंगळवारची सगळी रांग त्यांच्या दारात.