"एका मोबाईलवरून अख्खं गाव ऐकेल" वाला मेसेज आणि त्यातली गडबड

राजेहो, तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर आलाच असेल. थोडक्यात असा: नवीन ब्लूटूथ आलंय, नाव ऑराकास्ट, एका मोबाईलवरून हजार जण आपापल्या इअरफोनवर ऐकतील, ब्लूटूथ ५ असलेला कोणताही इअरफोन चालतो, रेंज १ किलोमीटर, कनेक्ट करायची जुनी पद्धत आता खलास, पण सावधान, तुमचे कॉलही कोणीही ऐकू शकतं. आता कोणी काही फॉरवर्ड करो, पण आमच्याकडं सप्ताहाच्या मीटिंगमध्ये हा वाचून दाखवला आणि साऊंडवाल्याला नाही म्हणून सांगून टाका इथपर्यंत गोष्ट गेली, म्हणून लिहितोय.

हजार जणांचं खरं आहे, आधी ते मान्य. हे ब्रॉडकास्ट आहे, म्हणजे रेडिओसारखं एकानं पाठवायचं आणि कितीही जणांनी ऐकायचं, त्यात पाठवणारं मशीन ऐकणारे मोजतच नाही, दहा ऐकोत की हजार, त्याची बॅटरी तेवढीच जाते. नेटही लागत नाही.

पण "ब्लूटूथ ५ असलेला कोणताही इअरफोन" हे साफ चूक. याला एलई ऑडिओ, म्हणजे ब्लूटूथवर आवाज पाठवायची नवी पद्धत, लागतं, ते २०२० मध्ये जाहीर झालं, त्याची सोय ब्लूटूथ ५.२ पासून आली आणि ऑराकास्ट हे नाव तर २०२२ चं. आणि ५.२ किंवा ५.३ असलं म्हणजे एलई ऑडिओ आलंच असं बिलकुल नाही, ते द्यायचं की नाही हे कंपनीच्या मर्जीवर. बाजारातला स्वस्त नेकबँड पाहा, डब्यावर ५.३ मोठ्या अक्षरात आणि आत बहुतेक वेळा तोच जुना एसबीसी कोडेक (कोडेक म्हणजे पाठवण्यासाठी आवाज दाबून लहान करायची पद्धत). एलई ऑडिओचा कोडेक वेगळा, एलसी३. म्हणजे मंडपात हजार माणसं बसली तरी ऐकू किती जणांना येईल ते तुम्हीच पाहा.

१ किलोमीटरचं कुठून आलं तेही सांगतो. ब्लूटूथमध्ये लांब पल्ल्याचा एक मोड आहे, पण त्याचा वेग उतरून १२५ केबीपीएसवर (सेकंदाला १२५ हजार बिट) येतो, आणि एलसी३ मध्ये चांगल्या दर्जाचा स्टिरिओ पाठवायचा तर एका कानाला ९६ केबीपीएस धरले तरी दोन्ही मिळून १९२ होतात. बसतच नाही ना भाऊ! तो मोड सेन्सरच्या चार आकड्यांसाठी ठीक. शिवाय हे सगळं २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरीवर चालतं आणि माणसाचं अंग ती लहर शोषून घेतं, त्यामुळं मोकळ्या वावरात जे मिळतं ते गच्च भरलेल्या मंडपात मिळत नाही. ट्रान्समीटर लोकांच्या डोक्याच्या वर बांधावा लागतो, खुर्चीवर ठेवून भागत नाही.

आता "कनेक्ट करायची पद्धत खलास", सगळ्यात मोठा घोळ इथं आहे. फोन एका इअरफोनला जोडलेला असतो तेव्हा आवाजाचे दहा-दहा मिलिसेकंदाचे तुकडे जातात, प्रत्येक तुकड्यामागं इअरफोन उलट सांगतो, मिळाला किंवा नाही मिळाला. नाही मिळाला तर फोन तोच परत पाठवतो, मिळाला की गप्प बसतो आणि बॅटरी वाचते, आणि सिग्नल पडायला लागला तर इअरफोन पॉवर वाढव असंही सांगू शकतो. ब्रॉडकास्टमध्ये हे काहीच नाही. कोतवाल दवंडी देऊन पुढं जातो, कोणाच्या घरी ऐकू गेलं हे विचारत बसत नाही, तसं आहे ते. म्हणून तिथं प्रत्येक तुकडा आधी ठरवल्याइतक्या वेळा पाठवला जातो, कोणाला मिळालेला असो की नसो. जास्त वेळा पाठवायचं ठरवलं तर आवाज तुटत नाही पण उशिरा पोचतो, कमी ठेवलं तर लवकर पोचतो पण मागच्या रांगेत तुटतो. प्रवचनाला थोडा उशीर चालून जातो, पण झाडीपट्टीच्या नाटकात नट समोर तोंड हलवतोय आणि संवाद कानात मागाहून येतोय, हे कोण पाहत बसेल रात्रभर? आणि ब्रॉडकास्ट एकतर्फीच, ऐकणाऱ्याचा माइक परत येत नाही. फोनवर बोलायला कनेक्शनच लागतं, म्हणजे ती पद्धत कुठंही जात नाहीये, दोन्ही एकाच एलई ऑडिओमध्ये शेजारी शेजारी राहतात, कामं वेगळी.

कॉल ऐकण्याची भीतीही इथंच निघते. कॉल जोडणीतून जातो आणि ती जोडणी एन्क्रिप्टेड, म्हणजे तिसऱ्याला उलगडणार नाही अशी कुलूपबंद असते. ब्रॉडकास्ट आपण स्वतः चालू केल्याशिवाय होत नाही, आणि केलं तरी त्याला कोड लावता येतो. कीर्तन उघडं ठेवा, रस्त्यानं जाणाऱ्यानं ऐकलं तर बरंच आहे, बचत गटाचा हिशेब असेल तर कोड टाका.

खरा उपयोग मला दिसतो तो कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. एलई ऑडिओवालं श्रवणयंत्र असलं तर भोंग्याच्या गोंगाटातून शब्द वेचावे लागत नाहीत, माइकचा आवाज सरळ कानात. यंत्राला स्क्रीन नसते म्हणून ब्रॉडकास्ट शोधून द्यायचं काम नातवाचा फोन करतो, पण आवाज फोनमधून जात नाही, यंत्र तो थेट हवेतून घेतं. त्यामुळं साऊंडवाल्याला नाही म्हणू नका. त्याच्याच मिक्सरच्या आउटपुटला एक ट्रान्समीटर लावता येतो, भोंगाही वाजेल आणि ज्यांच्याकडं यंत्र आहे त्यांना वेगळं ऐकू येईल. विकत घेताना डब्यावर ५ आहे का ते पाहू नका, ऑराकास्ट लिहिलंय का ते पाहा, आणि दुकानदाराला तिथंच चालवून दाखवायला लावा.