जे उरले, त्यांनीच मेसेज लिहिला

उन्हाळा तापला की तो मेसेज न चुकता येतो. यंदा तीन ग्रुपवर आला, शिवाय एका शाळासोबत्याने ‘तुला पटेल’ असं लिहून वेगळा पाठवला. मजकूर थोडक्यात असा: ‘आमच्या लहानपणी एसी नव्हता. गच्चीवर झोपायचो, खिडकीला ओली चादर लावायचो. कोणी मेलं नाही, कारण अंगाला सवय होती. एसी म्हणजे आजारांचं घर. पंख्यापुढे बर्फाचं भांडं ठेवा, तोच गारवा फुकटात. घ्यायचाच असेल तर मोठ्यात मोठा घ्या, १६ वर लावा, खोली झटकन गार करा आणि बंद करा. नाहीतरी एसी हा पृथ्वीवरचा अत्याचारच.’

मीही एसीशिवायच वाढलो, तेव्हा त्यातला ‘आम्ही’ मीसुद्धा आहे. एखाददुसरी गोष्ट पटली, बाकीच्या नाही. क्रमाने सांगतो.

‘कोणी मेलं नाही.’ जे गेले ते मेसेज पाठवत नाहीत, हे आधी बोलू. उकाड्याने गेलेल्याच्या दाखल्यावर ‘उकाडा’ असं क्वचितच लिहिलेलं असतं. हृदय बंद पडलं, मूत्रपिंडं गेली, वय झालं होतं, असंच काहीतरी असतं. म्हणून हे मृत्यू मागाहून मोजावे लागतात: एरवी त्या दिवसांत किती माणसं जातात आणि या वेळी किती गेली, यातला फरक काढून. शिकागोत जुलै १९९५च्या लाटेत हा फरक ७३९ निघाला. २००३च्या उन्हाळ्यात युरोपात तो सुमारे ७०,००० होता, त्यातले १५,००० एकट्या फ्रान्समधले. बहुतेक म्हातारी माणसं, त्यातही एकेकटी राहणारी. अमेरिकेतल्या विसाव्या शतकाच्या नोंदी तपासून २०१६ साली संशोधकांनी दाखवलं की अतिउष्ण दिवसांत होणारे जादा मृत्यू तिथे सुमारे ७५ टक्क्यांनी घटले, आणि ही घट जवळपास सगळी घराघरांत आलेल्या एसीमुळे होती.

आकडे बाजूला ठेवू. आम्ही भावंडं फरशीवर झोपायचो. एक फरशी अंगाने तापली की सरकून दुसरीवर, ती तापली की तिसरीवर. सकाळी कोणी कपाटाला टेकलेलं सापडे, कोणी पलंगाखाली. आम्हाला ती मजा वाटायची. आजीचे गुडघे दुखायचे, तिला खाली बसता येत नव्हतं. ती पलंगावर रात्रभर मानेवर ओला रुमाल ठेवून बसून असायची. एका उन्हाळ्यात अशा ओळीने चार रात्री गेल्यावर ती मला काकाच्या नावाने हाक मारू लागली आणि न्हाणीघराचं दार कुठे आहे ते तिला आठवेना. सलाइन लावल्यावर दोन दिवसांनी माणसात आली. घरात आजही त्याचा उल्लेख ‘त्या वर्षी आजीला जरा बरं नव्हतं’ असाच होतो. ती वाचली म्हणून आमचंही घर ‘कोणी मेलं नाही’च्या यादीत.

आणि ते ‘गच्चीवर झोपायचो’! घरात झोपता येत नव्हतं म्हणूनच ना? ज्यांना गच्ची नव्हती, जिना चढवत नव्हता, किंवा दार उघडं टाकून झोपायची सोय नव्हती, ते कुठे झोपले हे मेसेजात नाही.

‘अंगाला सवय होती.’ हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असल्यामुळेच फसवं. उष्ण हवेत रोज थोडं वावरलं की आठवडा-दोन आठवड्यांत शरीर बदलतं. घाम लवकर फुटतो, जास्त येतो, त्यातून मीठ कमी जातं, रक्तातला पाण्याचा अंश वाढतो. दिवसभर एसीत बसणाऱ्याला ही तयारी होत नाही, हे कबूल. पण ही सवय हाडांत मुरून आयुष्यभर टिकत नाही. गार हवेत काही आठवडे काढले की ती उतरते, पुन्हा उन्हात वावरलं की परत येते. त्यामुळे तिसरीतल्या उन्हाळ्याचा आज काही उपयोग नाही. ना तुम्हाला, ना तुमच्या मुलांना टोमणा मारायला.

शिवाय सवयीलाही हद्द आहे. शरीर गार होतं ते घाम सुकताना, नुसता घाम आल्याने नव्हे. एक लिटर घाम अंगावर पूर्ण सुकला तर जवळजवळ २,४०० किलोजूल उष्णता घेऊन जातो. तोच गळून खाली पडला तर काहीच नेत नाही. हवेत आधीच भरपूर ओल असेल तर घाम सुकणार कुठे? हे मोजायला थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळतात, आणि जे तापमान दिसतं त्याला ओल्या फुग्याचं तापमान म्हणतात. ते ३५ अंशांवर गेलं तर धडधाकट माणूसही फार काळ तग धरू शकणार नाही, असा हिशेब २०१० साली मांडला गेला. २०२२ साली पेनसिल्व्हेनियातल्या विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष चाचण्या झाल्या, तेव्हा दमट हवेत ही हद्द ३१च्या आसपासच लागली. म्हाताऱ्यांची त्याहून खाली असणार, हे सांगायला नकोच.

‘आजारांचं घर’ थोडक्यात आटपतो. सर्दी विषाणूने होते. एसीची हवा कोरडी असते, नाक-घसा कोरडा पडतो, आणि महिनोन्‌महिने न धुतलेल्या जाळीतून धूळ-बुरशी अंगावर येते. इलाज जाळी धुणे हाच. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात लीजनेअर्स आजार, म्हणजे न्यूमोनियाचाच एक प्रकार, पसरला, त्याचा दाखला नेहमी देतात. पण तो जिवाणू मोठ्या इमारतींच्या पाणी उडवणाऱ्या कूलिंग टॉवरमध्ये वाढतो, आणि घरच्या स्प्लिटमध्ये तसलं काही नसतं. खरी तक्रार वेगळीच आहे आणि ती कोणी करत नाही: स्प्लिट बाहेरची हवा आत आणतच नाही, तीच ती फिरवतो. चार जण दार लावून झोपले की सकाळी डोकं जड होतं. फट ठेवा.

आता बर्फाचं भांडं. एसीच्या ‘टना’चा अर्थ मुळात बर्फाशीच जोडलेला आहे. २,००० पौंड, म्हणजे साधारण ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी जो बाहेर काढतो तो एक टनाचा एसी. सेकंदाला साडेतीन किलोजूल. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोजूल शोषतो. करा भागाकार: तुमचं किलोभर बर्फाचं भांडं म्हणजे एक टनाच्या एसीचं दीड मिनिटाचं काम. वर तो बर्फ ज्या फ्रिजमध्ये झाला, त्याने काढलेली उष्णता मागच्या जाळीतून तुमच्याच घरात सोडली, वीज खाल्ली ती निराळी. भांड्याजवळ तोंड नेलं तर बरं वाटतं, एवढंच. ते वाटणंही खोटं नाही. फक्त त्याला खोली गार होणं म्हणू नका.

ओल्या चादरीचं आणि कूलरचं तसं नाही. तिथे खरं भौतिकशास्त्र आहे, पण हवा बघून. ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फुग्याचं तापमान २२च्या आसपास येतं, आणि चांगला कूलर हवा २६-२७ पर्यंत उतरवतो. अशा ठिकाणी खिडकी उघडी ठेवून कूलर लावणारा शहाणा. एसीच्या मानाने वीज अगदीच थोडी. तोच कूलर ३४ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत लावा. ओला फुगाच ३० दाखवतो, मग कूलर त्याखाली कसा जाईल? वर खोलीत ओल भरतो ती वेगळी, चादरी चिकट होतात. पंखा तर खोली गार करतच नाही, उलट स्वतःच्या मोटारीने तसूभर तापवतो. तो घाम सुकवून माणसाला गार करतो. माणूस बाहेर गेला की पंखा बंद करावा तो म्हणून. आणि हवा ४० अंशांवर गेली की पंखा अंग तापवू लागतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

‘मोठा घ्या, १६ वर लावा, झटकन गार करा आणि बंद करा.’ या एका वाक्यात तीन चुका आहेत.

नळ पूर्ण सोडलेला असताना खाली मोठी बादली ठेवली म्हणून पाण्याची धार वाढत नाही. १६ हा आकडा म्हणजे बादली. साध्या एसीचा कॉम्प्रेसर एकतर चालू, नाहीतर बंद. २६ वर लावला तरी तेवढ्याच जोराने सुरू होतो. इन्व्हर्टरवाला वेग कमी-जास्त करतो, पण खोली तापलेली असताना तोही पहिली काही मिनिटं पूर्ण जोरातच धावतो. १६ ने एवढंच होतं की तो थांबायचं नाव घेत नाही. बाहेर ३५ आणि आत २० असेल तर फरक १५ अंशांचा. आत २६ ठेवलं तर ९चा. भिंतीतून शिरणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात असते, म्हणजे ४० टक्के काम तिथेच वाचलं. सोबत पंखा मंद ठेवला तर २६ हे २३-२४ सारखे लागतात.

‘झटकन’ची गंमत तर हिशेब केल्यावरच कळते. तीन बाय चार मीटरची, तीन मीटर उंच खोली घ्या. तिच्यात जेमतेम ४३ किलो हवा असते. ती १० अंशांनी उतरवायला एक टनाच्या एसीला दोनच मिनिटं पुरतील. मग अर्धा तास का लागतो? एक तर हवेतली ओल काढायची असते. दुसरं म्हणजे डोक्यावर दहा सेंटिमीटर जाडीचा स्लॅब आहे, पावणेतीन टनांहून जड, आणि त्यात प्रत्येक अंशाला हवेच्या साठपट उष्णता मावते. शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्याने रात्री आठला स्टुलावर चढून छताला तळहात लावून बघावा. दुपारचं ऊन तेव्हा आत पोचत असतं. हवा गार करून एसी बंद केलात की स्लॅब, भिंती, गादी, कपाट सगळे मिळून ती परत तापवतात. त्यापेक्षा गच्चीला पांढरा रंग द्या आणि खिडकीला सावली बाहेरून करा. आतला पडदा काचेतून शिरलेलं ऊन अडवतो म्हणजे आतच अडकवून ठेवतो. हे आधी करा, मग टन मोजायला बसा.

आणि ‘मोठा’? एसी ओल काढतो की नाही, हे बाहेरच्या नळीतून टपटपणाऱ्या पाण्यावरून कळतं. १९०२ साली विलिस कॅरिअरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी पहिली यंत्रणा आखली, ती कागद दमट हवेने फुगू-आकसू नये म्हणून. माणसं गार करणं नंतरचं. गरजेपेक्षा मोठं यंत्र हवा पाच मिनिटांत गार करून थांबतं, नळीतून थेंब पडायच्या आधीच. मग आकडा २४ आणि अंग चिकट, म्हणून माणूस २० करतो. खोलीला बेताचा, शक्यतो इन्व्हर्टर स्प्लिट घ्यावा. भाड्याच्या घरात भिंत फोडू देत नसतील तर विंडो. एका नळीचे फिरते एसी मात्र जपून: ते खोलीचीच हवा गरम करून बाहेर फेकतात आणि तेवढीच तापलेली हवा दाराच्या फटीतून आत ओढतात.

राहिला पृथ्वीवरचा अत्याचार. इथे मेसेजवाल्याशी माझं भांडण सर्वांत कमी आहे. जगातल्या एकूण विजेपैकी सुमारे १० टक्के एसी आणि पंख्यांवर जाते, असं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१८ साली म्हटलं होतं. शिवाय एसी उष्णता संपवत नाही, नुसती हलवतो: दीड टनाचं यंत्र आतून सव्वापाच किलोवॉट काढतं, स्वतःची वीज त्यात घालतं आणि सगळं शेजाऱ्याच्या खिडकीसमोर सोडतं. पण मेसेजला जे ठाऊक नाही ते गॅसचं. एसीत पूर्वी भरायचे तो आर-२२ गॅस ओझोनला खायचा. ओझोन खाणारे वायू हटवायला १९८७च्या माँट्रियल करारापासून सुरुवात झाली, त्यात पुढे तोही आला. त्याच्या जागी आलेला आर-४१०ए हवेत सुटला तर वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या २,०८८ पट तापवतो. आर-३२ हा ६७५ पट, आणि आर-२९०, म्हणजे साधा प्रोपेन, तीनेक पट. २०१६ साली किगालीत त्या कराराला दुरुस्ती झाली ती याच तापवणाऱ्या वायूंसाठी. विकत घेताना टनाबरोबर गॅसचं नावही पाटीवर वाचता येतं.

आणि गॅस दरवर्षी ‘संपत’ नाही. ती बंद नळी आहे; कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतो. आमच्याकडे ओळीने दोन उन्हाळे एक जण आला, गॅस भरला, पैसे घेऊन गेला. तिसऱ्या वर्षी दुसरा कारागीर आला. त्याने गॅसची टाकी खाली ठेवली, कपड्याचा साबण मागितला आणि बाहेरच्या युनिटच्या पितळी नटावर फेस फासला. दोघंही बघत उभे राहिलो. फेसात एक बुडबुडा फुगला, फुटला, आणि पुन्हा त्याच जागी फुगायला लागला.